बोटांचा दंडवत

आमच्या रेस्टॉरंटला सतरा पायऱ्या आहेत, खाली उतरणाऱ्या. रविवारी दुपारी बारानंतर त्या पायऱ्यांवर माणसं नंबर घेऊन उभी असतात, पोरं कठड्याला लोंबकळतात, आणि तळघरातून वाफेचा, तेलाचा, बशांचा असा काही कल्लोळ वर जातो की मँचेस्टरच्या भुरभुरत्या पावसात उभ्या असलेल्या माणसाला वाटावं, आपलं गाव कुठे लांब नाही, इथेच रस्त्याखाली आहे. त्या कल्लोळातही मला एक आवाज बरोबर ऐकू यायचा.

"डावा पाय. अहो, डावा. हा उजवा झाला. असू दे, उजवा तर उजवा. टाका."

ती छुनताई. नवऱ्याला, तिम भाऊजींना, दंडाला धरून खाली आणत असायची. रांगेतली माणसं भिंतीला चिकटून वाट द्यायची. खाली दाराशी क्वोक उभा. हॉल तोच सांभाळतो. तोंड सुटलेला, पण मनाचा चांगला.

"या शेठ, या! तुमच्यासाठी खांबाजवळचं टेबल धुऊनपुसून ठेवलंय. आणि शेठाणीबाई, आज पण बारालाच? आत अजून डुक्कर पूर्ण मेलं नाही!"

"मग त्याला सांग, शेठ आलेत, घाई कर," ताई म्हणायची.

शेठ म्हणजे काय, ओल्डहॅमला बस-थांब्यासमोर यांचं एक खिडकीएवढं दुकान होतं. एकतीस वर्षं भाऊजी आत कढईपाशी आणि ताई बाहेर खिडकीपाशी. गोऱ्यांना तळलेला भात, गोड-आंबट डुक्कर आणि बटाट्याचे चिप्स बांधून द्यायचे. आठवड्यातून एकच दुपार मोकळी, रविवारची. ती दुपार त्यांनी आमच्या तळघरात घालवली. मी इथे वाफवलेल्या पदार्थांच्या करंड्यांची गाडी टेबलांमधून ढकलायला लागले त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून त्यांना त्याच टेबलावर बघत आले. मी तिला ताई म्हणते ते नुसतं तोंडदेखलं नव्हे. माझा नवरा गेला तेव्हा चाळीस दिवस माझ्या घरी भाताचं पातेलं तिच्याकडून यायचं.

आम्हा कँटनीज लोकांत चहा स्वतःच्या पेल्यात आधी ओतत नाहीत. आधी समोरच्याच्या. आणि आपल्या पेल्यात कुणी ओतला की तोंडाने काही बोलायचं नाही. दोन बोटं वाकवून टेबलावर टेकवायची, टक टक. वाकलेली बोटं म्हणजे टेकलेले गुडघे. बोटांचा दंडवतच तो. धाकट्यांनी मोठ्यांना करायचा तो नीट, बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांना करायचा तो सहज. नवरे बायकोला करतात तो एका बोटाचा, तोही वर्तमानपत्रातून डोकं न काढता. तिम भाऊजी मात्र ताईने चहा ओतला की हातातलं सगळं खाली ठेवायचे आणि दोन बोटं, दोनदा. मी इतकी वर्षं बघत होते. इतर टेबलांवरच्या बायका आपल्या नवऱ्यांना कोपरं मारायच्या, बघा, शिका जरा.

मग त्यांच्या मेंदूत रक्त साकळलं. दवाखान्यातून आले ते हळूहळू चालू लागले, हातात दिलं तर खाऊ लागले, पण वाचा गेली आणि डोळ्यांतलं माणूस गेलं. दरवाजाकडे बघतात तसं बायकोकडे बघायचे. लेकीला ओळखेनात. डॉक्टरांनी ताईला दुभाष्या बोलावून नीट सांगितलं, ह्यांना आता समजत नाही, समजेल असं वाटत नाही.

"दुभाष्या कालचं पोर होतं," पुढच्याच रविवारी खांबाजवळच्या टेबलावर ताई मला म्हणाली. "त्याला काय कळतंय! फोंग, तू बघ."

तिने किटली उचलली. भाऊजींचा पेला भरला. भाऊजी समोरच्या खांबाकडे बघत होते. त्यांचा उजवा हात टेबलावर सरकला, दोन बोटं वाकली. टक टक. आणि पुन्हा टक टक.

माझ्या हातातलं करंडीचं झाकण तसंच राहिलं. वाफ तोंडावर येत होती ते बरं झालं, डोळे पुसायला निमित्त मिळालं.

"दिसलं?" ताई म्हणाली. "वाचा नाही, पण आभार मानतात. आभार मानायला समोरचं कोण ते कळावं लागतं की नाही?"

लागतंच, मी म्हटलं.

ह्यानंतर चौदा महिने ती त्या चार टकटकींवर जगली. हे मी उगाच वाढवून सांगत नाही. चौसष्ट किलोचा माणूस ती एकटी उठवायची, बसवायची, न्हाऊ घालायची, आणि ती स्वतः त्र्याहत्तरची, वजन एखाद्या शाळकरी पोरीएवढं. पाठीला पट्टा. मनगटावर निळे डाग, कारण कधीमधी ते घाबरायचे आणि धरलेला हात सोडायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायची, "अगं, एकतीस वर्षं कढई उचलली ह्यांनी. पकड आहे अजून."

त्यांची लेक सुक-यिन, न्यूकॅसलला असते. एका शाळेच्या कचेरीत नोकरी, दोन मुलं, नवरा तिकडचाच. वाईट मुलगी नाही. रोज संध्याकाळी सहाला आईला फोन करायची, एक दिवस चुकवला नाही. तिने भाऊजींसाठी एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, स्टॉकपोर्टला. स्वच्छ, बाग वगैरे. कँटनीज बोलणारं कुणी नाही, पण सरकारी खर्चात, आणि जागा लगेच मिळत होती. हो किंवा नाही ते महिनाअखेर कळवायचं होतं.

"तिथे उकडलेला बटाटा ठेचून देतील," ताई म्हणाली. "एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी बटाटे तळले, आता बटाटा खाऊन मरायचं? आणि चहा दूध घालून! आणि कोण ओतणार, कोण ते? ज्याला आभार कळतात त्या माणसाला मी तिथे नेऊन टाकू?"

"सुक-यिनला सांगितलंस का, ते बोटं टेकवतात म्हणून?"

"सांगितलं. तिला वाटतं मी मनाचं सांगते." ताईने पेला बशीत सरळ केला. मग म्हणाली, "ती म्हणाली, आई, बाबांना तू कळत असशील तर मी पुन्हा वृद्धाश्रमाचं नाव काढणार नाही. पण मला दाखव. पुढच्या रविवारी येतेय."

म्हणजे सगळं त्या रविवारवर आलं.

मी भाविक बाई आहे. लहानपणी आमच्या गावी, शिउंग शुईच्या पलीकडे, देवळाच्या अंगणात एक म्हातारी भिक्षुणी यायची. हातातला लाकडी ठोकळा टोक टोक वाजवत क्वुन याम मायची, आमच्या करुणेच्या देवीची, कथा ती गाऊन सांगायची. गाता गाता थांबायची, ठोकळा वाजवायची आणि आम्हालाच विचारायची, सांगा, आईला हाका किती येतात? जगात जेवढी तोंडं तेवढ्या. आणि ऐकते किती? सगळ्या! मग पुन्हा सूर धरायची आणि आमच्या आया बाहीने डोळे पुसायच्या. तो सूर माझ्या कानातून साठ वर्षांत गेला नाही. तर त्या शनिवारी मी घरच्या देव्हाऱ्यात संत्री ठेवली, उदबत्त्या लावल्या आणि म्हटलं, माय, तू हाक ऐकणारी. उद्या लेकीसमोर त्यांची बोटं टेकू दे. एवढंच कर. मी जन्मभर पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तोंडात मासमच्छी घालणार नाही.

आमच्या धंद्यात हा नवस सोपा नाही, डुकराच्या वाफेतच आयुष्य गेलेलं.

रविवारी ताईने भाऊजींना कोट घातला होता, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. सुक-यिन बापाच्या समोर बसली. रात्री झोप झाली नसावी असा चेहरा. मी गाडी मुद्दाम त्या खांबाभोवतीच घोळवत होते. क्वोक एकदा खेकसलाच, "फोंग, उरलेला हॉल उपाशी आहे! काय प्रदक्षिणा घालतेस?"

"तुझं तोंड बंद ठेव, तुला पुण्य लागेल," मी म्हटलं.

ताईने पेले पुसून मांडले. मग माझ्याकडे बघून कोळंबी भरून वाफवलेले हार-गाउ घेतले, वाफवलेले कोंबडीचे पाय घेतले, मुळ्याची वडी घेतली. सगळं हळूहळू. मला कळत होतं, ती धीर गोळा करतेय.

"आई, ओत ना," सुक-यिन म्हणाली.

"तूच ओत. मी ओतलं तर म्हणशील, सवयीने केलं."

सुक-यिनने किटली घेतली. चहा पेल्याच्या काठाला लागून खळखळला. भाऊजी कुठे तरी लांब बघत होते. पेला भरला. काही नाही. मी मनात मायचा धावा चालवला होता. आणि मग तो हात, डाग पडलेला, जाड नखांचा हात, टेबलावरच्या चादरीवरून पुढे सरकला. टक टक. टक टक.

"बाबा?" सुक-यिन म्हणाली. तिला तिथेच रडू कोसळलं. तोंडावर हात धरून ती पोरगी अशी रडली की शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी उगाच मान खाली घालून भात चिवडला. तिने पुन्हा ओतलं, दोन थेंब. पुन्हा टक टक. "बाबा, मी यिन. बाबा, मी आहे."

"कळतंय त्यांना," ताई म्हणाली. "मी सांगत नव्हते?"

"चुकले मी, आई. मी उद्याच कळवते त्यांना. नको म्हणून सांगते."

ताईने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसाएवढी तरुण ती मला कधी दिसली नव्हती.

जेवण झालं. आणि मग जे आमच्या प्रत्येक टेबलावर होतं ते झालं. सुक-यिन हात धुवायला म्हणून उठली ती सरळ गल्ल्याकडे गेली, बिल भरायला. ताईच्या ध्यानात आलं. "अगं ए! थांब! माझ्या जिवंतपणी तू बिल भरणार?" म्हणत ती पाठीचा पट्टा विसरून धावली. गल्ल्यापाशी मायलेकींची जुंपली. ही तिच्या पर्सला धरतेय, ती हिचे हात मागे ढकलतेय, क्वोक मध्ये उभा राहून म्हणतोय, "दोघीही भरा! मी नाही म्हणत नाही!" सगळा हॉल हसत होता.

मी भाऊजींपाशी थांबले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

शेजारच्या टेबलावर किटलीचं झाकण उलटं ठेवलेलं होतं, म्हणजे पाणी हवंय. वाढपी ऊन पाण्याची मोठी किटली घेऊन आला आणि त्याने उंचावरून धार सोडली.

भाऊजींची बोटं वाकली. टक टक. टक टक.

मी म्हटलं, योगायोग. नाही तर अजून लेकीचेच आभार मानत असतील बिचारे. वाढपी पुढच्या टेबलाकडे गेला, त्याने धार सोडली. टक टक.

त्या दिवशी टेबलं आवरणारी बाई आली नव्हती म्हणून उष्ट्याची बादली माझ्याच गाडीला अडकवलेली होती. मी हे का केलं ते मला सांगता येत नाही. भाऊजींच्या पाठीमागे गेले, जिथून मी त्यांना दिसणार नाही. टेबलावरचा एक थंडगार पेला उचलला, कुणाची तरी थुंकी लागलेला, आणि त्यातला चहा बादलीत ओतला.

टक टक. टक टक.

मी उष्टा चहा बादलीत ओतला आणि त्यांनी दोन बोटं वाकवून, दोनदा, आभार मानले. पूर्वी ताईचे मानायचे अगदी तसेच.

मी दुसरा पेला ओतला नाही. पुढचं बघायची छाती झाली नाही.

तेवढ्यात ताई आली, केस सुटलेले, गाल लाल. भांडण जिंकून आली होती. "काय गं, काही मागितलं का ह्यांनी?"

"नाही," मी म्हटलं. "तुझी वाट बघत होते."

हे शब्द माझ्या तोंडून इतके सहज आले! ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "चला, घरी जाऊ," आणि सतरा पायऱ्यांचा जप सुरू झाला. डावा पाय. उजवा. डावा.

सोमवारी सुक-यिनने स्टॉकपोर्टला नाही म्हणून कळवलं. ती जागा त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाला गेली.

मला सांगायला सहा रविवार मिळाले. प्रत्येक रविवारी मी ठरवायची, आज सांगते. आणि प्रत्येक रविवारी ताई ओतायची, ते टकटक करायचे आणि ती माझ्याकडे बघून हसायची. त्या हसण्यावर मी काय ओतणार होते? घरी येऊन मायसमोर बसायची. म्हणायची, तू सांग काय करू. माय संत्र्यांमागून बघत राहायची. पहिल्या तिथीला मी डाळ-भाजी खाल्ली, पंधराव्याला खाल्ली. नवस बोलले होते, तो तिने पुरा केला होता. मी फक्त बोटं टेकू दे म्हटलं होतं. बोटं टेकली. त्यांना कळू दे, असं मी म्हटलंच नव्हतं.

सातव्या आठवड्यात ती पडली.

बुधवारी, सकाळचे दहा वाजले असतील. मध्य-शरदाचा सण आला होता म्हणून भाऊजींचे केस धुवायचे होते. तिने त्यांना न्हाणीच्या दारासमोर घरातल्या बोळात खुर्चीवर बसवलं, पुढे ते छोटं लाकडी टेबल ओढलं म्हणजे उठून पडायला नकोत. दार उघडं ठेवलं. आत जाऊन टबाचा नळ सोडला, ऊन पाणी येईपर्यंत वाहू दिला, आणि वळताना पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. उठता येईना, सरकता येईना. नळ तिच्या हातापासून वीतभर वर.

संध्याकाळी सहाला सुक-यिनने फोन केला. कुणी उचलला नाही. पुन्हा केला. मग तिने शेजारच्या बाईंना फोन करून किल्लीने दार उघडायला लावलं.

मी शुक्रवारी दवाखान्यात गेले, बसने, डब्यात पातळ भात घेऊन. दुपारची भेटायची वेळ होती. ताई उशीवर अशी दिसत होती जशी कुणी तिला घडी घालून ठेवली आहे. सुक-यिन बाहेर फोनवर होती, बापाला कुठे ठेवायचं त्याची शोधाशोध करत. स्टॉकपोर्ट गेलं होतं. आता मिळेल तिथे, लांब कुठे तरी, दोन बस बदलून.

"भात आणलाय, ताई. आलं घालून."

"ठेव."

मी ठेवला. ती छताकडे बघत बोलायला लागली. आवाज अगदी साधा होता, दुकानातलं सामान सांगावं तसा.

"मला जमिनीवरून ते दिसत होते. पाय आणि तो हात. मी म्हटलं, अहो, मी पडले. अहो, फोनपाशी जा. नाही तर नुसतं ओरडा, बाजूची येईल. तर ते टेबलावर टकटक करत होते. मला वाटलं, मला धीर देतायत. बोलता येत नाही ना, म्हणून. मी म्हटलं, कळलं हो, कळलं, मला तुम्ही दिसताय. घाबरू नका."

मी तिचा हात धरला. तो गार होता.

"दोन तास असं. तीन तास. मी त्यांच्याशी बोलत होते. आपलं दुकान उघडलं त्या दिवसाचं बोलले. पहिलं गिऱ्हाईक आठवतं का म्हटलं, तो लाल मिशीवाला. टकटक. म्हटलं बघ, आठवतंय. पाणी गार पडलं, टबाबाहेर सांडत होतं, मी भिजत होते, थरथर सुटली. टकटक चालूच. मग मला मध्येच वाटलं, हे थांबत का नाहीत? बोट दुखत नसेल? मी बोलले तरी तेच, गप्प राहिले तरी तेच. मी रडले तरी तेच, फोंग."

बाजूच्या खाटेवरची गोरी बाई टीव्ही बघत होती. कसली तरी बक्षिसं वाटत होते, टाळ्या चालल्या होत्या.

"संध्याकाळी शेजारीण आली. माझ्या अंगावरून पाय टाकून तिने आधी नळ बंद केला." ताईने पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. "नळ बंद झाला आणि बोटं थांबली. मी तिथेच पडलेले होते. मी हाक मारली त्यांना. थांबली ती थांबलीच."

तिने मान उशीवरून माझ्याकडे सरकवली.

"तू गाडी घेऊन सगळीकडे फिरतेस. सगळं बघतेस. तुला माहीत होतं?"

नाही म्हणणं अवघड नव्हतं. एकदा म्हटलंच होतं. पण तिचे डोळे इतके जवळ होते.

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"सुक-यिन आली होती त्या रविवारपासून. तुम्ही दोघी बिलावरून भांडायला गेला होतात, तेव्हा."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाली, "भरू द्यायला हवं होतं तिला बिल. तिचाच हट्ट होता. मी उठले नसते तर तुलाही कळलं नसतं." आणि थोड्या वेळाने, "भात घेऊन जा. इथे ठेवला तर फेकून देतील."

तिने हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी डबा उचलून परत आले. बसमध्ये तो मांडीवर ऊन लागत होता.

भाऊजींना मी एकदा भेटून आले. समुद्राकाठचं गाव, वारा सुटलेला. खिडकीशी बसवलं होतं, अंगावर दुसऱ्याच कुणाचा स्वेटर. त्या संस्थेतली मुलगी चांगली होती, "फार सभ्य गृहस्थ आहेत," म्हणाली, "कुणी नळ सोडला तरी टेबल वाजवतात. आम्हाला मजा वाटते." मी पिशवीतून हार-गाउ काढून त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो खाल्ला. तिथे चहाची किटली होती. मी तिला हात लावला नाही.

देव्हाऱ्यात अजून उदबत्ती लावते. मागत काही नाही. त्या भिक्षुणीने इतकी वर्षं सांगितलं की माय सगळ्यांच्या हाका ऐकते, आणि मी कधी विचारलं नाही की ऐकून तिला काय कळतं. असा विचार आला की मी घाईने दुसरी उदबत्ती लावते.

ताई आली ती थेट नव्या वर्षाच्या आधीच्या रविवारी. सुक-यिनबरोबर, चार पायांच्या काठीवर. पायऱ्यांवर कुणी डावा-उजवा म्हणत नव्हतं, म्हणून मला कळलंच नाही. क्वोकचा आवाज आला, "या शेठाणीबाई..." आणि तो मध्येच थांबला, त्याला पुढची थट्टा सुचली नाही. तीन माणसांचं टेबल द्यायचं की दोघांचं, ह्याच्यातच तो गोंधळला. शेवटी खांबाजवळच बसवलं.

मी गाडी घेऊन गेले. सुक-यिन उठून म्हणाली, "मावशी, बसा ना जरा," आणि डोळ्यांनीच मला विनवलं, बोला काहीतरी तिच्याशी. तिला ठाऊक नव्हतं. ताईने तिला सांगितलंच नव्हतं. ती कुणालाच सांगणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

गाडीवाल्या बायका चहा ओतत नाहीत, आमचं ते काम नव्हे. पण मी किटली उचलली. तिच्या पेल्यात धार धरली. म्हटलं, ताई.

तिचे दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर होते. ती चहाकडे बघत होती. पेला अर्धा झाला, पाऊण झाला. मी ओतत राहिले. एक बोट, म्हटलं मनात, एकच बोट हलव, तेही माझ्याकडे न बघता, नवरे करतात तसं. चहा काठाशी आला, काठावरून बशीत उतरला, बशीतून पांढऱ्या चादरीवर पसरायला लागला.

"मावशी, मावशी!" सुक-यिनने रुमाल टाकला.

ताईचे हात वर आले नाहीत.

"गाडी पुढे घे, फोंग," ती म्हणाली. "मागे लोक खोळंबलेत."